‘घरी काय केलं?’ इथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजची फायनल इयरची विद्यार्थिनी विचारतीय, की आम्ही पाच-सहा जण मिळून इमर्जन्सीवर छोटे छोटे लेख मराठीत लिहून ऑनलाईन टाकतोय, बारा लेख झाले, वाचत कुणीच नाही, त्यात एका सरांनी म्हटलं की उद्या काही चुकीचं गेलं तर जबाबदार कोण, तुमचं तर अजून रजिस्ट्रेशन पण नाही. मग चालू ठेवावं का, ठेवलं तर विषय कसे निवडावेत, आणि लेख किती मोठा असावा.

मी एकोणीस वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या पेशंटच्या विभागात काढली, आधी जिल्ह्याच्या ठिकाणी आणि आता एका उपजिल्हा रुग्णालयात, जिथं रात्री ड्युटीला एक मी, एक सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एवढीच फौज असते. त्यामुळं माझं सगळं बोलणं त्या खुर्चीवरून आहे, मोठ्या शहरात आयसीयूत काम करणारा माणूस वेगळं सांगेल आणि तोही चूक नसेल. पण चालू ठेवा. सरांचा प्रश्न मात्र उडवून लावू नका, त्याच्यावर खाली येतो.

तुम्ही दिलेल्या चार लेखांपैकी सापाचा लेख मी पूर्ण वाचला. माहिती चुकीची नाही, त्याबद्दल शाबास. पण सुरुवात कुठून केलीय बघा, भारतात सापांच्या किती जाती, त्यातल्या विषारी किती, मग विषाचे प्रकार, न्यूरोटॉक्सिक (नसांवर जाणारं) आणि हिमोटॉक्सिक (रक्तावर जाणारं), मग लक्षणं, मग तपासण्या, आणि प्रथमोपचार शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. ही दहा मार्कांच्या उत्तराची मांडणी झाली. व्याख्या, कारणं, प्रकार, लक्षणं, तपासण्या, उपचार, हा साचा पाच वर्षांत हाडात मुरतो, माझ्या पण मुरला होता. पण तुमचा लेख रात्री अडीच वाजता एखादा पोरगा मोबाईलवर उघडणार, बाजूला त्याची आई घाबरी झालेली, चार्जिंग नऊ टक्के, त्याला जातींशी काय देणंघेणं. त्याला पुढच्या पाच मिनिटांत हाताने काय करायचं ते पाहिजे. कुणी वाचत नाही असं तुम्ही म्हणता, मला वाटतं खरी अडचण त्याच्या एक पायरी आधीची आहे, हे आपण कुणासाठी लिहितोय ते तुमचं तुम्हालाच अजून ठरलेलं नाही. आत्ता तरी वाचक म्हणजे परीक्षक आहे.

मग विषय कुठून आणायचे? पुस्तक मिटवा आणि एक शंभर पानी वही घ्या. कॅज्युअल्टीत पोस्टिंग असेल तेव्हा, नसेल तर मित्राच्या ड्युटीला मागं उभं राहून, प्रत्येक नातेवाईकाला एक प्रश्न विचारा, ‘घरी काय केलं?’ रागावून नाही हां, रागावून विचारलं की माणूस म्हणतो काहीच नाही केलं साहेब, डायरेक्ट इकडंच आणलं. चहा पिऊन झाल्यावर, पेशंट जरा सावरल्यावर विचारा, मग सगळं बाहेर येतं. माझ्या वहीत काय काय आहे सांगू का. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस. फिट आली तर चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला, दातखीळ उघडायला चमचा घातला आणि दात पाडला. साप चावल्यावर कडुलिंबाचा पाला खायला दिला, कडू लागला तर विष नाही आणि नाही लागला तर चढलंय अशी परीक्षा. ही शेवटची परीक्षा तर लई गावांत अजून चालते, आणि मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाचं गिळणं आधीच गेलेलं असू शकतं, तो पाला घशात अडकून ठसका लागून फुफ्फुसात जातो. हे तुमच्या पुस्तकात कुठल्याही पानावर नाही. पण तुमच्या लेखाचा विषय हाच आहे, सापाच्या जाती विषय नाहीत. पन्नास नोंदी झाल्या की तुम्हाला आपोआप दिसायला लागेल की त्याच पाच-सहा गोष्टी परत परत येतात, आणि ते तुमचे पहिले सहा लेख.

इथं माझी एक चूक सांगतो कारण तुम्ही ती करणारच आहात, लेख पाहून दिसतंय. दहा-बारा वर्षांमागं आम्ही गावात वाटायला एक पानाचा कागद काढला होता, साप चावल्यावर काय करू नये यावर. त्यात पायाचं चित्र होतं, घोट्याच्या वर दोरी आवळून बांधलेली, आणि त्यावर लाल फुली. सुंदर चित्र होतं, मला फार अभिमान. त्याच पावसाळ्यात एक शेतकरी आला, पायाला सुतळी आवळलेली, पाय काळानिळा, आणि सोबतचा भाऊ मोठ्या विश्वासाने म्हणतो, डॉक्टर तुमच्याच कागदावर दाखवलं होतं ना, तसंच बांधलं बरोब्बर घोट्याच्या वर. त्या कागदाची झेरॉक्स काळीपांढरी फिरली होती, फुली पुसट झालेली, आणि खालची ओळ वाचायला घरात कुणी थांबलं नाही. त्या दिवसापासून मी ‘हे करू नका’ची यादी वर ठेवत नाही आणि चुकीच्या गोष्टीचं चित्र तर कधीच देत नाही. माणूस घाबरलेला असताना क्रिया लक्षात राहते, त्यापुढचं ‘नका’ गळून पडतं. म्हणून हाताला आधी दुसरं काम द्या. बांधू नका म्हणण्याआधी सांगा की पाय काठीला किंवा पुठ्ठ्याला लावून मोडलेल्या हाडासारखा सैल कापडाने स्थिर करा, अंगठी, कडं, जोडवी, पैंजण लगेच काढा कारण सूज चढली की ते रुततात, चालवू नका, उचलून न्या, आणि चावल्याची वेळ मोबाईलमध्ये टिपून ठेवा. एवढं करायला लागलं की दोरी शोधायला हात मोकळा राहत नाही. चिरा देणं, चोखणं, सापामागं काठी घेऊन पळणं, हे शेवटी एका ओळीत उरकून टाका.

आता शब्दांचं. आमच्या भागात रात्रीच्या वेळी कुणी साप हा शब्द तोंडातून काढत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात. तुमच्या शीर्षकात आहे ‘सर्पदंश : एक वैद्यकीय आपत्ती’. पान लागलं असं बोलणाऱ्या माणसाला तो लेख सापडणार कसा आणि सापडला तरी आपल्यासाठी आहे असं वाटणार कसं? तसंच ‘विषबाधा’ कुणी म्हणत नाही, कॅज्युअल्टीच्या दारात वाक्य असतं, ‘साहेब, पोरानं औषध पिलं’. नवा इंटर्न विचारतो कुठलं औषध, बीपीचं का शुगरचं. दोन मिनिटं त्यात जातात. पक्षाघात म्हणत नाहीत, ‘वारं गेलं’ म्हणतात किंवा लकवा मारला. हार्ट अटॅकला तर बहुतेक वेळा ‘ग्यास झालाय’ म्हणतात, आणि तो सोडा पिऊन, ओवा खाऊन, पाठ चोळून घेऊन चार तासांनी येतो. म्हणून अटॅकच्या लेखाचं शीर्षक मी ‘ग्यास वाटतोय, घाम पण येतोय?’ असं काहीतरी देईन. तुमचा शुद्धलेखनवाला मित्र नाक मुरडेल, मुरडू द्या. आणि एक विनंती, इंग्रजी साईटवरून मोबाईलने भाषांतर करून टाकू नका, लगेच कळतं. एका लेखात ‘रुग्णास पुनर्प्राप्ती स्थितीत ठेवावे’ असं वाचलं आणि मी स्वतः दोन सेकंद विचार करत बसलो, हे काय नवीन. कुशीवर वळवा, तोंड जरा जमिनीकडं करा म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. एवढंच होतं ते.

पुस्तकातला सल्ला खरा असला तरी आपल्याकडं तसाच्या तसा चालतो का हे तुम्हालाच बघावं लागेल. भाजलं की वीस मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली धरा, अगदी बरोबर, मी पण हेच शिकवतो. पण हे तुम्ही लातूर-बीड-धाराशिवच्या माणसाला सांगताय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि एप्रिल-मे महिन्यात आजही कितीतरी घरांत नळ रोज येत नाही. वाहतं पाणी वाचलं की तो म्हणतो आपल्याकडं नळच नाही, आणि टूथपेस्टकडं वळतो. त्यामुळं मी लिहितो, रांजणातलं, ड्रममधलं, हौदातलं स्वच्छ पाणी चालतं, तांब्या-तांब्याने वीस मिनिटं ओतत रहा, एकाने घड्याळ बघा, बर्फ नको. वैद्यकशास्त्र तेच राहिलं, फक्त नळाच्या जागी तांब्या आला. गाडीचं पण तसंच. १०८ ला फोन करा हे प्रत्येक लेखात पाहिजेच, २०१४ पासून ही सेवा आहे आणि तिने कितीतरी माणसं वाचवलीत हे मी रोज बघतो. पण तांड्यावर, शेतवस्तीवर, पावसाळ्यात नाल्याला पाणी असताना अॅम्ब्युलन्सला वेळ लागतो, तेव्हा माणूस नुसता वाट बघत बसतो. म्हणून पुढचं वाक्य पण द्या, की उशीर लागणार असं फोनवर कळलं तर मिळेल त्या गाडीने निघा, जीप नसेल तर मोटारसायकलवर पेशंट मधे आणि मागं धरणारा एक. आणि निघायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी जवळच्या दवाखान्यात फोन लावून विचारायचं, डॉक्टर आहेत का आणि सापाचं इंजेक्शन आहे का. कुठं न्यायचं हे मात्र तालुक्या-तालुक्यावर अवलंबून आहे, ते एका लेखात सगळ्यांसाठी सांगता येणार नाही, नुसतं मोठ्या दवाखान्यात न्या लिहू नका. मोठा दवाखाना म्हणजे त्याच्यासाठी घाटी, संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, आणि हिंगोलीच्या आडगावातून घाटी म्हणजे चार-पाच तासांची गोष्ट, वाटेत दोन ग्रामीण रुग्णालयं ओलांडून माणूस तिकडं निघतो.

हे झालं सामान्य वाचकाचं. तुम्ही दिलेल्या लेखांत दुसरा पण एक वाचक घुसलाय, तो म्हणजे तुमचाच ज्युनियर किंवा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नवीन लागलेला एमबीबीएस. एकाच लेखात वर ‘घाबरू नका’ आणि खाली अॅट्रोपिनचे, म्हणजे फवारणीच्या विषावरच्या उताऱ्याचे डोस, असं चालणार नाही. दोन वेगळे कप्पे करा. डॉक्टरवाल्या कप्प्यात बिनधास्त टेक्निकल लिहा, पण तिथं पण एका लेखात एकच गोष्ट. उदाहरणार्थ फवारणीच्या औषधाच्या केसमध्ये अॅट्रोपिन कधी थांबवायचं यावर पानभर लिहा, फक्त त्यावर. सुरुवातीचा डोस दिला, दर पाच मिनिटांनी बघून दुप्पट करत गेलो, पण थांबायचं कशावर? नवीन पोरं डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारत बसतात आणि त्या मोठ्या व्हायची वाट बघतात. छाती ऐका. दोन्हीकडं खरखर गेली पाहिजे, पल्स ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काखेतला घाम वाळला पाहिजे. बाहुली सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी महत्त्वाची. असा एक लेख रात्री एकट्या पडलेल्या मेडिकल ऑफिसरला पूर्ण चॅप्टरपेक्षा जास्त कामाला येतो. हे डोस सामान्य माणसाच्या लेखात मात्र अजिबात नकोत, त्याला त्यांचा उपयोग शून्य.

विषाच्या लेखाबाबत थांबून सांगतो, कारण इथं चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. आपल्या भागात ‘औषध पिलं’ हे बहुतेक वेळा अपघाताने नसतं हे तुम्हालाही माहितीय. म्हणजे तुमचा लेख वाचणारा दरवेळी नातेवाईकच असेल असं धरून चालू नका, कधी कधी तो स्वतःच असेल. त्यामुळं कुठलं औषध जास्त घातक, कशावर उतारा नाही, किती घेतलं तर काय होतं, किती वेळात होतं, यातलं एक अक्षर सार्वजनिक लेखात नको, ब्रँडचं नाव नको, डब्याचा फोटो नको. ते डॉक्टरांच्या लेखात सुद्धा जपून. सार्वजनिक लेखात एवढं पुरतं की सगळी विषं धोक्याची समजा, आत्ता बरा दिसतोय म्हणून घरी ठेवू नका, उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी, ताक, दूध काही पाजू नका, अंगावर सांडलं असेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून कपडे काढा आणि अंग पाण्याने धुवा, कुशीवर झोपवून लगेच निघा, बाटली किंवा पाकीट सोबत घ्या, आणि रागावू नका, का केलं हे आत्ता विचारू नका, एकटं सोडू नका. आणि सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट. हा नंबर लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात नको, वरच द्या. आत्महत्या केली, यशस्वी झाली, फसली असली वाक्यं टाळा, जीव द्यायचा प्रयत्न केला एवढं बास.

आता सरांचा प्रश्न, जबाबदार कोण. प्रश्न योग्य आहे, त्याचं उत्तर तुमच्या कामाच्या पद्धतीत पाहिजे. नावापुढं डॉ. लावू नका, अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असं स्पष्ट लिहा, त्याने लेखाची किंमत कमी होत नाही. प्रत्येक लेख एका सिनियरने वाचायचा, मेडिसिनचे लेक्चरर असोत, कॅज्युअल्टीचे सीएमओ (ड्युटीवरचे मुख्य डॉक्टर) असोत, आणि त्यांच्या परवानगीने त्यांचं नाव आणि तपासल्याची तारीख खाली द्यायची. तारीख फार महत्त्वाची, कारण प्रोटोकॉल बदलतात आणि तुमचा लेख मात्र व्हॉट्सअपवर पाच वर्षं फिरत राहतो. वर्षातून एकदा सगळे लेख परत वाचा, जुना झालेला काढून टाका, लाज वाटून घेऊ नका. जे सर ओरडले त्यांनाच पहिला लेख तपासायला द्या, माझा अनुभव आहे, ओरडणारेच मन लावून तपासतात. कॉलेजला कळवून ठेवा, लेखी.

मेसेज येतील. ‘वडिलांच्या छातीत दुखतंय, ईसीजी पाठवतो बघा’. तुम्हाला मोह होईल कारण ईसीजी वाचता यायला लागल्याचा नवा नवा आनंद असतो. उत्तर एकच द्यायचं, आत्ता जवळच्या दवाखान्यात जा, १०८. दुसरं अक्षर नाही. तुम्ही बघून नॉर्मल वाटतंय म्हणालात आणि पहाटे माणूस गेला तर? पहिला ईसीजी नॉर्मल असूनही अटॅक असू शकतो, हे तर तुम्हाला शिकवलंच असेल.

पेशंटच्या गोष्टी सांगताना नाव लपवलं की झालं असं समजू नका. शहरात ते चालत असेल. आपल्याकडं दोन हजार वस्तीचं गाव, ‘परवा तालुक्यातल्या एका गावात २२ वर्षांच्या नवविवाहितेने’ एवढं लिहिलं की संध्याकाळपर्यंत पारावर नाव कळलेलं असतं, सासर-माहेर सकट. गाव, महिना, वय, नातं सगळं बदला, दोन-तीन पेशंट मिळून एक करा आणि तसं केलंय हे लेखात सांगा. जखमेचा, एक्स-रेचा, केसपेपरचा फोटो टाकायचा नाही. मी पण या लेखात थोडी अदलाबदल केलीच आहे.

एका गोष्टीत माझं आणि माझ्या मित्रांचं जमत नाही, ती पण सांगून टाकतो म्हणजे तुम्ही तुमचं ठरवा. अटॅकचा संशय आला की अॅस्पिरिनची गोळी चावून खा, हे सामान्य लोकांच्या लेखात लिहावं का? ३०० मिलीग्रॅम चावून खाल्ली तर फायदा होतो याबद्दल वाद नाही, माझा एक कार्डिओलॉजिस्ट मित्र म्हणतो तू हे न लिहून माणसं मारतोयस. पण मी बघितलंय, ‘वारं गेलेल्या’ म्हातारीला पण तीच गोळी देऊन आणलं, कारण शेजारच्याने कुठंतरी वाचलं होतं अटॅक आला की द्यायची, आणि ब्रेन अटॅक पण अटॅकच की. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते, आणि ते सीटी स्कॅनशिवाय मला पण सांगता येत नाही. म्हणून मी लिहितो की ग्यास समजून बसू नका, बसवा, चालवू नका, ईसीजी निघेल अशा जवळच्या ठिकाणी लगेच जा, गोळी १०८ च्या डॉक्टरने किंवा दवाखान्याने द्यावी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या १२ तासांतच कामाचं असतं, आणि त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त. तो वेळ सोडा पिण्यात घालवू नये हे मनावर बिंबलं तरी माझ्यासाठी लेख वसूल. तुमच्या सरांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका, फक्त लिहिणार असाल तर लकवा, अॅलर्जी, रक्तस्राव, अल्सर ही भानगड पण तिथंच लिहावी लागेल, आणि मग लेख लांबतो.

लांबीचं उत्तर त्यातच आलं बघा. सामान्य वाचकाचा लेख मोबाईलच्या दोन स्क्रीनमध्ये संपला पाहिजे, पहिल्या तीन ओळींत काय करायचं ते, बाकी नंतर. शब्द मोजत बसू नका, त्यापेक्षा ही परीक्षा घ्या: वॉर्डातल्या मावशींना लेख मोठ्याने वाचून दाखवा, मग मोबाईल खिशात ठेवा आणि विचारा, मावशी, आता तुमच्या घरी असं झालं तर तुम्ही काय कराल. त्या जे सांगतील तो तुमचा लेख. जे सांगितलं नाही ते तुमच्या लेखात नव्हतंच, तुम्हाला वाटत होतं आहे. आशाताईंना पण वाचून दाखवा, त्या तर अशा चुका काढतात की एक्स्टर्नल एक्झामिनर परवडला.

मी पाहिलेल्या तुमच्या एकाही लेखात नसलेला एक भाग आहे, आणि तो तुम्ही विद्यार्थीच चांगला लिहू शकता, कारण तुम्हाला अजून त्याचं नवल वाटतं. दवाखान्याच्या आत काय चालतं ते. साप चावलेला आला, आम्ही दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतो, वीस मिनिटं ती नळी हलवायची नाही, मग तिरकी करून बघायचं गुठळी झाली का. रक्त पातळच राहिलं तर घोणस-फुरसेचं विष रक्तात गेलंय. त्या वीस मिनिटांत बाहेर काय चाललेलं असतं? ‘डॉक्टर नुसता बसलाय, नळीकडं बघतोय, इंजेक्शन देईना, चला दुसरीकडं’. माणसं पेशंट उचलून नेतात हो. तसंच चोवीस तास निरीक्षणात ठेवतो तेव्हा, काहीच झालं नाही तर सुट्टी द्या म्हणून भांडण. आणि मण्यारीचं तर विचारूच नका, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, दाताच्या खुणा दिसत नाहीत, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, मग पापण्या जड, मग गिळता येईना, मग श्वास. पूर्ण लुळा पडलेला माणूस बघून नातेवाईक म्हणतात गेला, सोडून द्या, आणि त्याला आतून सगळं ऐकू येत असतं. अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देत राहिलं, व्हेंटिलेटर मिळालं तर तो काही दिवसांनी उठून बसतो. हे एकदा लोकांना नीट समजावून सांगितलं तर कॅज्युअल्टीतली निम्मी भांडणं कमी होतील आणि एखादा जीव पण वाचेल.

विद्यार्थ्यांनी लिहून काय होणार असं कुणी म्हटलं तर त्यांना डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगा. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात रायगड जिल्ह्यात सरकारी आरोग्य केंद्रात तरुणपणी काम करताना लाल विंचवाने माणसं मरताना बघितली, तेव्हा त्याच्यावर धड उपचार नव्हता. ते पेशंटच्या खाटेशेजारी बसून राहिले, केव्हा घाम फुटतो, हातपाय केव्हा थंड पडतात, बीपी किती, फुफ्फुसात पाणी केव्हा भरतं, सगळं टिपत राहिले. त्यातून १९८२ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, आणि पुढं प्राझोसिन ही साधी बीपीची गोळी विंचवावर वापरात आली, आज ती प्रत्येक पीएचसीत माहितीय. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तुम्ही लॅन्सेटला लिहा असं म्हणत नाही, पण सुरुवात पेशंटशेजारच्या नोंदीपासून झाली एवढं बघा, तुमच्या शंभर पानी वहीला त्याहून वेगळं काही करायचं नाहीये.

बाकी टेम्प्लेट कुठलं, रंग कुठला, रील करावं का, यावर माझं मत विचारू नका, माझ्या पोरीला विचारावं लागेल. व्हॉट्सअपवर नुसता मजकूर म्हणून पुढं पाठवता आला पाहिजे, फोटोत अक्षरं कोंबली की म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत आणि शोधल्यावर सापडत पण नाहीत, एवढं एक कळतं.

कुठला लेख कधी, ते मात्र सांगतो. वर्ष आपल्याकडं ठरलेलं आहे. मृग लागायच्या आधी मण्यारीचा लेख, खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, यासकट. सोयाबीन-कापसाची फवारणी सुरू व्हायच्या आधी फवाऱ्याचा. सीताफळ बाजारात आलं की लहान पोराच्या घशात बी अडकण्याचा, वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीत पाच थापा, मग सुलटं करून छातीवर पाच दाब, हे मावशींच्या परीक्षेत पास करून मगच टाका कारण वाचून समजायला अवघड आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, उसाच्या ट्रॉल्या बिनलाईटच्या रस्त्यावर येतात, तेव्हा अपघाताचा. त्यात मदत करणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलंय, नाव सांगायची पण सक्ती नाही, हे ठळक लिहा, कारण लोक गाडी थांबवत नाहीत ते याच भीतीने. दिवाळीच्या आठवडाभर आधी भाजल्याचा, तांब्यावाला. एप्रिलमध्ये उन्हाचा, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका आणि तापाच्या गोळीने ऊन उतरत नाही, सावली, ओलं कापड आणि वारा.

तुमचा सापाचा लेख परत लिहा, पहिली ओळ ‘पान लागलं असेल तर’ अशी करा, आणि मला इथंच पाठवा. माझी या आठवड्यात नाईट आहे, तीन-साडेतीनला जरा शांत असतं तेव्हा वाचून आमच्या सिस्टरना पण दाखवतो.